धरणाच्या वरचा डोंगर कुणाच्या बजेटमध्ये?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाण्यावर आपल्याकडे पत्रं येतात ती बहुतेक दोनच प्रकारची, नळाला पाणी येत नाही नाहीतर पाणीपट्टी वाढवू नका. मी उलटं लिहितोय, पाणीपट्टी थोडी वाढवा म्हणतोय. सोसायटीतले लोक वाचून शिव्या घालणार हे माहितीये पण निदान शेवटपर्यंत वाचा आणि मग घाला.

पुण्याचं पाणी कुठून येतं विचारलं तर दहातले नऊ जण सांगतील खडकवासल्यातून, आणि तिथेच थांबतील. खडकवासल्यात कुठून येतं? आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव, मुठेवर टेमघर, आणि या तिघांचं पाणी खाली उतरून जिथे जमतं ते इंग्रजांच्या काळातलं खडकवासला. चारही मिळून क्षमता 29.15 टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यात वरसगाव 12.82, पानशेत 10.65, टेमघर 3.71 आणि ज्याच्या चौपाटीवर आपण कणसं खायला जातो ते खडकवासला जेमतेम 1.97. आणि या चार भांड्यांत पाणी पडतं ते सगळं सह्याद्रीच्या डोंगरांवरून, राजगड म्हणजे आधीचा वेल्हे तालुका, मुळशीचा काही भाग, हवेलीचा काही भाग. महापालिका पंपांवर खर्च करते, जलवाहिन्यांवर करते, फिल्टर प्लांटवर, मीटरवर, पाटबंधारेवाल्यांच्या बिलावर करते (आणि त्या बिलावरून भांडतेसुद्धा), पण आपल्या मिळकतकराच्या बिलात या डोंगरांच्या नावाने एक ओळ शोधून दाखवा. नाहीये. जिथून पाणी निघतं तेच हिशोबात नाही.

आता डोंगराची किंमत कशी करायची असं कुणी विचारेल, पर्यावरणवाले लोक बोलतात तेव्हा ते सगळं हवेतलं वाटतं, तर मी टँकरच्या भाषेत सांगतो कारण सिंहगड रोडच्या माणसाला पाण्याचा भाव टँकरवाल्यानेच शिकवलाय. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,831 कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर 28 लाखांच्या वर टँकर. चारही धरणांची मिळून फक्त एक टक्का जागा गाळाने भरली असं समजा, फक्त एक, तर ती झाली 0.29 टीएमसी, म्हणजे सव्वाआठ लाख टँकर. टँकर हजार रुपयाला धरा (एप्रिल-मेमध्ये हजाराला कोण देतो ते मला सांगा, पण धरा) तर 82 कोटी रुपयांचं पाणी. आणि हे एकदाचं नाही, जागा गेली ती गेली, पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात तेवढं पाणी जास्तीचं म्हणून सांडव्यावरून खाली जाणार. तोच गाळ काढायचा म्हटलं तर दहा घनमीटरच्या डंपरच्या सव्वाआठ लाख खेपा, टँकर जेवढे तेवढेच डंपर, आणि तो माल नेऊन टाकायचा कुठे हा प्रश्न वेगळाच. यात माझा आकडा एकच, तो एक टक्का, तो अर्धा करा दुप्पट करा, पण गाळाला भाव आहे हे तरी मान्य करा.

हा गाळ येतो कुठून ते बघायचं असेल तर मे महिन्यात पानशेत रोडने जा. पाणी मागे सरकलेलं असतं, काठ उघडे पडलेले असतात आणि गाळ उचलायला ट्रॅक्टर लागलेले असतात. मी तिथे उभा राहून बघितलंय, खालचा थर काळा पोयटा, हातात घेतला तर पिठासारखा मऊ, तो शेतकरी आनंदाने नेतात कारण शेतात टाकला की दोन वर्षं पीक जोरात येतं. पण त्याच्यावर बसलेला थर वेगळा, पिवळसर, मुरमाड, बारीक खडीचा, त्याला शेतकरी हात लावत नाही. ट्रॅक्टरवाला म्हणाला, हा वरचा माल भरावाला, खालचा शेताला. म्हणजे आधीचा गाळ मातीचा होता आणि अलीकडचा गाळ डोंगर फोडल्याचा आहे, हे कुठल्या लॅबमध्ये न जाता ट्रॅक्टरवाल्याला कळतं. मान वर करून बघितलं की उत्तर समोरच दिसतं, जेसीबीने डोंगराला पायऱ्या पाडल्यात, लेक व्ह्यू प्लॉट, फार्महाऊस, चारी बाजूंनी कंपाउंड, आत जायला मुरमाचा रस्ता, रस्त्याला ना गटार ना मोरी. पहिला वळीव झाला की तो रस्ता लाल पाणी होऊन ओढ्यात आणि ओढ्यातून धरणात.

त्यात भर वणव्यांची. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत पेटवतात, कुणी चांगलं गवत उगवेल म्हणून, कुणी बिडी टाकून, कुणी मुद्दाम. डोंगर काळा होतो आणि जूनचा पाऊस थेट उघड्या मातीवर आपटतो. टेमघरच्या बाजूला पाऊस कसला पडतो ते तिकडे राहणाऱ्यांना विचारा, आपल्या पुण्याचा पाऊस त्याच्यापुढे शिंतोडे.

पूर्वी सगळं हिरवंगार होतं आणि आत्ताच बिघडलं असं मात्र मी म्हणणार नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी लिहून ठेवलंय की पानशेत धरण झालं तेव्हा ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याकडे पोट भरायला काही उरलं नाही, धरणासाठी रस्ते झाले होते, मग जंगल तोडून कोळसा पाडायचा आणि पुण्याला विकायचा. म्हणजे पुण्याने आधी त्यांची खोऱ्यातली जमीन घेतली, मग त्यांचंच जंगल कोळसा म्हणून जाळलं, आणि आता त्यांचा उरलेला डोंगर वीकेंड होम म्हणून घेतोय. त्यातून जे राखलं गेलं ते देवराईंमुळे. वेल्हे-मुळशी भागातल्या देवरायांचा अभ्यास गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात केला होता. आणि देवराई म्हटली की तिथे बहुतेक एखादा झरा, टाकं, पाणवठा असतोच, आपल्या आज्या-पणज्यांना पाणलोट हा शब्द माहिती नसेल पण देवाच्या नावाने का होईना त्यांनी पाण्याच्या मुळाशी कुऱ्हाड लावू दिली नाही.

गाळ झाला, आता घाण. जानेवारी 2025 मध्ये आमच्या सिंहगड रोड भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरी म्हणजे जीबीएस, नसांवर घाला घालणारा आजार, पसरला. दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले, माणसं गेली, कित्येक जण व्हेंटिलेटरवर होते, त्यावरच्या आयव्हीआयजी या औषधाच्या एका इंजेक्शनला वीस हजारांच्या आसपास पैसे आणि अशी इंजेक्शनं एक-दोनवर भागत नाहीत. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे पोट बिघडवणारे जंतू सापडले. सगळा दोष धरणाचा असं मी म्हणत नाहीये, विहीर, पाईपलाईन, क्लोरीन, टँकर, सगळ्यांवर बोट दाखवून झालं. पण त्या दिवसांत आमच्या भागातल्या लोकांना पहिल्यांदा कळलं की खडकवासल्याच्या काठावर गावं वाढलीत, हॉटेलं वाढलीत, आणि त्यांचं सांडपाणी जातं ते उताराच्याच दिशेने जातं, आणि उताराला आपलं धरण आहे. एका घरात एक माणूस आयसीयूत महिनाभर राहिला तर त्या घराचा जो खर्च होतो तेवढ्यात वरच्या एखाद्या वाडीतल्या बऱ्याच घरांना नीट सेप्टिक टँक आणि शोषखड्डा होऊन जाईल. पण आयसीयूचं बिल घर भरतं आणि शोषखड्ड्याचं बिल कुणी भरायचं ते ठरलेलंच नाही म्हणून आयसीयूचं बिल येत राहतं.

हे भरायचं कुणी याचं उत्तर जगात एका शहराने काढलंय आणि ते शहर म्हणजे न्यूयॉर्क, जिथे पैशाशिवाय कुणी बोलत नाही. तिथे नव्वद लाखांच्या आसपास लोकांना पाणी जातं, आणि त्यातलं साधारण नव्वद टक्के दूरच्या कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून. 1990च्या सुमाराला सरकारने सांगितलं की हे पाणी फिल्टर करा. हिशोब काढला, फिल्टर प्लांटला सहाशे ते आठशे कोटी डॉलर, शिवाय चालवायचा खर्च दरवर्षी वेगळा. मग कुणीतरी उलटा हिशोब केला की पाणी घाण झाल्यावर धुण्यापेक्षा वरच घाण होऊ दिली नाही तर? तो आकडा निघाला साधारण दीडशे कोटी डॉलर, दहा वर्षांत. 1997 मध्ये शहर, राज्य आणि खोऱ्यातली गावं यांच्यात करार झाला. शहराने लोकांचे सेप्टिक टँक दुरुस्त करून दिले, गोठ्यांचं शेण ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांना पैसे दिले, आणि जमीन घेतली ती फक्त विकायला तयार असलेल्यांकडून. हे गोडीगुलाबीने झालं नाही बरं का, शहराने आधी नुसते नियम लादायचा प्रयत्न केला तेव्हा गावकरी भयंकर चिडले होते, कारण त्यांच्या आजोबांची गावं याच शहराच्या धरणांत बुडालेली. पानशेत-वरसगावच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आणि या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग जो भाषणांत कुणी सांगत नाही तोच आपल्या कामाचा आहे. न्यूयॉर्कचं तिसरं, सगळ्यात जुनं आणि शहराच्या सगळ्यात जवळचं खोरं म्हणजे क्रोटन. तिथे उपनगरं वाढली, बंगले झाले, पार्किंग झाले, रस्ते झाले, आणि ते खोरं काही वाचवता आलं नाही. शेवटी क्रोटनच्या पाण्यासाठी फिल्टर प्लांट बांधावाच लागला, 2015 मध्ये सुरू झाला, खर्च तीनशे कोटी डॉलरच्या वर, आणि हे कशासाठी तर शहराच्या जेमतेम दहा टक्के पाण्यासाठी.

माझ्या मते खडकवासला हे आपलं क्रोटन झालंय किंवा होत आलंय. तिथे आता एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, ड्रेनेज लाईन, पोलीस, दंड हेच करावं लागेल आणि त्याला पैसे लागतीलच. पण पानशेत, वरसगाव आणि टेमघरच्या वरचा भाग अजून कॅट्सकिलसारखा वाचवता येईल असा आहे, आणि 29 पैकी 27 टीएमसी तिथेच आहे. (वरसगावच्या काठावर आधीच लवासा नावाचं एक अख्खं शहर वसवायचा घाट घातला होता, त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय, त्यावर मी लिहायला बसलो तर हे पत्र संपणार नाही.) आपण तसंही पाणी फिल्टर करतो त्यामुळे आपला फायदा न्यूयॉर्कएवढा सरळ नाही हे मान्य, पण गढूळ पाणी आलं की तुरटी जास्त लागते, सांडपाणी आलं की शेवाळ आणि क्लोरीन जास्त, आणि गाळाला तर फिल्टर प्लांटकडे काही उत्तरच नाही.

अमेरिका लांबची वाटत असेल तर चंदीगड घ्या. 1958 मध्ये बांधलेला सुखना तलाव पंधरा-वीस वर्षांत गाळाने निम्म्याहून जास्त भरला. शोधत वर गेले तर शिवालिकच्या डोंगरात सुखोमाजरी नावाचं गाव, उघडे डोंगर, त्यावर चरणारी गुरं-शेळ्या, दरवर्षी माती खाली. तिथे माती वाचवण्यावर काम करणाऱ्या पी. आर. मिश्रांनी 1970च्या दशकात डोंगराला कुंपण घालण्याऐवजी गावाला छोटा बंधारा बांधून दिला आणि पाण्यात वाटा दिला प्रत्येक घराला, ज्याच्याकडे जमीन नाही त्यालासुद्धा. मग गावानेच चराईबंदी पाळली, गवत वाढलं, त्या गवताचे पैसे गावाला, आणि तलावात येणारा गाळ प्रचंड कमी झाला. शहराला तलाव हवा होता, गावाला पाणी, दोघांचा सौदा झाला. हिमाचलात पालमपूरच्या नगरपरिषदेने तर ज्या झऱ्याचं पाणी शहर घेतं तिथलं जंगल राखणाऱ्या गावाच्या समितीला दरवर्षी पैसे द्यायचा करार केला, रक्कम किरकोळ पण केला. आणि आपण? पुणे.

म्हणून माझं म्हणणं, प्रत्येक हजार लिटरला पन्नास पैसे पाणलोट अधिभार लावा. शहराचा वापर 18 टीएमसी धरला तर ते 51 हजार कोटी लिटर होतं, पन्नास पैशांनी वर्षाला साधारण 25 कोटी. गळती-चोरी धरून निम्मेच हातात आले तरी बारा कोटी. दिवसाला पाचशे लिटर वापरणाऱ्या घराला महिन्याला साडेसात रुपये पडतील, टपरीवरच्या एका चहापेक्षा कमी. समान पाणीपुरवठा योजनेत मीटर बसवलेच आहेत ना, मग त्या मीटरचा एवढा तरी उपयोग करा.

या पैशातून काय करायचं तर भाताची खाचरं आणि त्यांचे बांध धडधाकट ठेवणाऱ्याला, गवताचा किंवा झाडीचा डोंगर तसाच ठेवणाऱ्याला हेक्टरी पैसे. हेक्टरी दहा हजार धरले तर दहा हजार हेक्टरला दहा कोटी. फेब्रुवारी ते मे वणवा राखायला गावातलीच पोरं पगारावर, जाळपट्टे काढायचं काम त्यांनाच. वाड्यांना सेप्टिक टँक आणि तो उपसायची सोय, नुसता बांधून द्यायचा नाही, उपसणारी गाडी वर जाते की नाही तेही बघायचं. आणि सगळ्यात आधी त्यांना प्यायला पाणी, कारण धरणाच्या वर राहणाऱ्या कित्येक वाड्यांवर एप्रिलमध्ये बाया हंडे घेऊन उतरतात, खाली धरण दिसत असताना. त्यांच्याकडे जाऊन पुण्याच्या पाण्यासाठी डोंगर राखा असं सांगायला तोंड पाहिजे.

यावर लोक काय म्हणणार तेही मला पाठ आहे. सरपंच पैसे खाईल. खाईल की, म्हणून एकरकमी द्यायचे नाहीत, पावसाळ्यानंतर गवत जागेवर आहे का, डोंगर फोडला का, वणवा लागला का हे उपग्रहाच्या फोटोत दिसतं, दिसलं तरच पुढचा हप्ता. दुसरं म्हणतील की गुंठ्याला लाखो रुपये मिळत असताना हेक्टरी दहा हजाराला कोण विचारतो. बरोबर आहे, रस्त्याकडेच्या जमिनीचा भाव या पैशाने थांबणार नाही, तिथे उतारावर बांधकामाची बंदी आणि ती पाळणारा अधिकारी हेच औषध. पण खोऱ्यात प्रत्येक जमीन रस्त्याकडेची नाही, आत कड्याखालचं वरकस आहे, गावठाणाच्या मागचं गायरान आहे, देवराई आहे, ते कुणीतरी राखतंय म्हणून राहिलंय आणि त्याला त्याबद्दल आजपर्यंत कुणी छदाम दिलेला नाही. तिसरं म्हणतील की पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना येणारच आहे. गाडगीळ समितीचा अहवाल 2011चा, कस्तुरीरंगन समितीचा 2013चा, आणि जुलै 2024 मध्ये वायनाडमध्ये डोंगर खाली आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सहावा मसुदा निघाला. सहावा मसुदा! तिकडे जेसीबी मसुद्याची वाट बघत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. धरण पाटबंधाऱ्याचं, डोंगर थोडा वनखात्याचा थोडा खासगी, बांधकाम परवाना पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, वाडीचा रस्ता जिल्हा परिषदेचा, आणि पाणी पिणार महापालिका. एकाला फोन केला की तो दुसऱ्याचा नंबर देतो, मी करून बघितलंय. जलसंपत्ती नियमन प्राधिकरण 2005च्या कायद्याने झालं, धरणाच्या पाण्याचे ठोक दर तेच ठरवतं, तर दरात हा अधिभार धरून तो एका खात्यात जमा करायचं आणि खोऱ्यातल्या ग्रामपंचायतींना त्या खात्याच्या समितीत अर्ध्या खुर्च्या द्यायचं त्यांनीच मनावर घ्यावं. शहराच्या नगरसेवकांवर मी हे सोडणार नाही, त्यांच्या वॉर्डात वेल्ह्याचं मत नाही.

आणि हा सौदा एकट्या पुण्याचा पण नाही. याच साखळीचा कालवा दौंड-इंदापूरला जातो, पानशेत-वरसगावात जमिनी गेलेले कित्येक लोक तर दौंडकडेच वसवलेत. पुण्याने जास्त पाणी उचललं की तिकडचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, लांबतं आणि उसाला, चाऱ्याला फटका बसतो, म्हणून दर उन्हाळ्यात कालवा समितीत भांडणं. धरणात गाळाने जी जागा जाते ती दोघांच्याही वाट्यातून जाते, पण भांडण फक्त उरलेल्या पाण्यावर. आणि आपण वापरून सोडलेलं मुळा-मुठेचं पाणी भीमेतून उजनीत जातं, तिथून सोलापूर पितं. आपण वरच्यांना काही देत नाही आणि खालच्यांना काय देतो ते उजनीच्या हिरव्या पाण्याला विचारा. इंदापूरचा शेतकरीसुद्धा हजार लिटरला काही पैसे देईल का? माहिती नाही, पण त्याला त्याच्या आवर्तनाची खात्री लिहून दिली तर निदान विचार करेल.

शेवटी तुमच्याकडेच एक मागणं आहे संपादक साहेब. पावसाळ्यात तुम्ही रोज पहिल्या पानावर धरणसाठ्याची चौकट छापता, पानशेत इतके टक्के, वरसगाव इतके टक्के, आणि शंभर टक्के झाले की आम्ही व्हॉट्सॲपवर फटाके फोडतो. हे शंभर टक्के नेमके कशाचे, बांधलं तेव्हाच्या क्षमतेचे की आज गाळ वजा जाता उरलेल्या क्षमतेचे? नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी) धरणांच्या गाळाचे सर्वेक्षण करते. तर तुमच्या बातमीदाराला एकदा पाटबंधारे खात्यात पाठवून प्रत्येक धरणाचं शेवटचं गाळ सर्वेक्षण कुठल्या साली झालं आणि त्यात किती जागा गेलेली निघाली तेवढं काढा, आणि या जूनपासून त्या चौकटीत टक्क्यांच्या शेजारी ते साल आणि तो आकडा पण छापा.

आपला,
एक वाचक, सिंहगड रोड, पुणे